वणीचा ताम्रपट आणि शाळेची पाटी

नाशिकहून दिंडोरीमार्गे सप्तशृंगीगडाला जाताना वाटेत वणी लागते. बहुतेकांच्या लेखी ते गडाच्या पायथ्याचे गाव. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र हे नाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके 730चा, म्हणजे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा एक ताम्रपट ‘वणीचा ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. नाशिक प्रदेशातले एक गाव दान दिल्याची ही संस्कृत सनद मयूरखंडी येथून दिलेली आहे. मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगीच्या समोरचा मार्कंड्या डोंगर, असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. जे. एफ. फ्लीट यांनी या ताम्रपटाचे वाचन 1882 साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध केले.

या ताम्रपटाची आठवण आम्हाला झाली ती एका शाळेच्या पाटीमुळे. वणी परिसरातल्या एका शाळेची पाटी चित्रकलेच्या सरांनी अनेक वर्षांपूर्वी पत्र्यावर ब्रशने रंगवली होती. सर निवृत्त झाले, पत्रा गंजत गेला. नवी पाटी जाड पोलादी पत्र्यातून कापून घ्यायचे ठरले. अट एकच होती : अक्षर सरांचेच राहिले पाहिजे. संगणकाशी आमचा रोजचा संबंध, म्हणून काम आमच्याकडे आले. आम्ही मोबाइलवर फोटो काढला, संगणकाकडून त्याचे रेषाचित्र करून घेतले आणि ती फाइल प्लाझ्मा कटिंग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये दिली. पंधरा मिनिटांत पाटी कापून झाली. ‘वणी’तल्या व चे पोट भरून गेले होते, ‘मंदिर’मधला अनुस्वार यंत्राखालच्या भंगारात पडला होता, आणि गंजाचे डागही अक्षरांइतक्याच निष्ठेने कापलेले होते. यंत्राचे काही चुकले नव्हते. त्याला सांगितले तेच त्याने केले. चूक आमची होती. ती नेमकी कुठे झाली, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

ताम्रपट तयार करण्यात साधारणपणे दोन माणसे असत. एक लिहिणारा आणि दुसरा कोरणारा. लिहिणारा पत्र्यावर शाईने मजकूर लिहून देई. कोरणारा त्या रेघांवरून छिन्नी चालवी. त्याला वाचता येत असेच असे नाही. म्हणूनच अनेक ताम्रपटांत दिसायला सारख्या असणाऱ्या अक्षरांची अदलाबदल झालेली आढळते, कुठे एखादी मात्रा गळलेली असते. कोरणाऱ्याचा हात कितीही सफाईदार असो, शाईच्या ठिपक्यातला अनुस्वार कोणता आणि नुसता डाग कोणता, हे त्याला कोणीतरी सांगावेच लागे.

पुढे 1805 साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली, तीही खिळे जुळवून नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. छपाईच्या पत्र्यावर अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हाच कागदावर ते सुलटे उमटते. म्हणजे लिहिणारा आणि कोरणारा यांच्यामध्ये आता आणखी एक पायरी आली : चित्राचे रूपांतर.

कोरणाऱ्या हाताची जागा यंत्राने घेतली ती विसाव्या शतकात. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करीत. पात्याचा वक्र आकार आकड्यांत मांडून यंत्राला द्यावा, ही त्यांची कल्पना. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1952 साली असे यंत्र चालवून दाखवले गेले. कागदी पट्टीवरची भोके म्हणजे त्याच्यासाठी हुकूम होते.

पाच वर्षांनी, 1957 साली, युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट गेज यांना प्लाझ्माने धातू कापण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. तिचे तत्त्व वर्गात सहज सांगता येते. वायूतून विजेची ठिणगी, म्हणजे आर्क, सतत चालू ठेवली की वायूच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू विजेचा वाहक बनतो. हाच प्लाझ्मा. तो तांब्याच्या नोझलच्या बारीक भोकातून जोराने बाहेर काढला की त्याचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. लोखंड वितळते 1538 अंशांना. झोत पत्र्याला भोक पाडतो आणि वितळलेला धातू खाली उडवून देतो. गॅस कटरमध्ये तापलेले लोखंड ऑक्सिजनमध्ये अक्षरशः जळते, त्यामुळे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील त्याला जुमानत नाहीत. प्लाझ्माला धातू विजेचा वाहक असला की पुरते.

हात मिळाला, छिन्नी मिळाली. आता प्रश्न शाईच्या रेघेचा. कापणाऱ्या यंत्राला फोटो समजत नाही. समजा, पाटीचा फोटो 3000 ठिपके रुंद आणि 1000 ठिपके उंच आहे. म्हणजे तीस लाख ठिपके, आणि प्रत्येकाचा एक आकडा : काळ्याला 0, पांढऱ्याला 255, करड्या छटांना मधले आकडे. यात ‘व’ कुठेच नाही. यंत्राला हवे असते ते वेगळेच : इथून सुरुवात कर, या वळणाने तिथे जा, थांब. बिंदूंच्या चित्रातून अशा रेषा काढणे, याला आपण रेषांकन म्हणू.

त्याची पहिली पायरी सरळ आहे. एक सीमा ठरवायची, उदाहरणार्थ 128. त्याखालचे सगळे ठिपके काळे, वरचे पांढरे. दुसरी पायरी काळ्या भागाच्या कडेकडेने चालण्याची. हर्बर्ट फ्रीमन यांनी 1961 साली त्यासाठी एक सुटसुटीत पद्धत दिली. कोणत्याही चौकोनापासून शेजारच्या चौकोनात जाण्याच्या दिशा आठच. त्यांना 0 ते 7 अशी नावे द्या. उजवीकडे 0, वर 2, डावीकडे 4, खाली 6 आणि तिरक्या दिशांना विषम आकडे. मग कोणत्याही आकाराची कड म्हणजे आकड्यांची एक माळ होते.

पण ही माळ पायऱ्यापायऱ्यांची असते. तशीच यंत्राला दिली, तर टॉर्च हजारो बारीक धक्के खात चालतो आणि जिथे रेंगाळतो तिथे पत्रा जास्त जळतो. म्हणून नको ते बिंदू गाळायचे. त्याची रीत उर्स रामर यांनी 1972 साली, आणि नकाशांच्या कामासाठी डग्लस व पॉइकर यांनी 1973 साली मांडली : दोन टोके सरळ रेषेने जोडा. मधला सर्वांत दूरचा बिंदू ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर मधले सगळे बिंदू सोडून द्या. नसेल, तर त्या बिंदूपाशी रेषा मोडा आणि दोन्ही तुकड्यांवर हेच पुन्हा करा.

उरलेल्या वळणांसाठी कामी आल्या मोटारींच्या कारखान्यांतल्या वक्ररेषा. सित्रोएनमधील पॉल द कास्तेल्यो यांनी 1959 साली आणि रेनोमधील पिएर बेझिए यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, मोटारीच्या पत्र्याचे बाक मोजक्या बिंदूंनी सांगण्याची पद्धत शोधली. दोन टोकांचे बिंदू आणि मधे रेषेला आपल्याकडे ओढणारे दोन बिंदू, बस. अशा चार तुकड्यांनी वर्तुळ काढले, तर 100 मिलिमीटर त्रिज्येला चूक येते ती जेमतेम 0.03 मिलिमीटर. संगणकावरची आजची अक्षरेही याच जातीच्या वक्ररेषांनी बांधलेली असतात. र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांतलाच.

मग आमचे चुकले कुठे? पहिल्याच पायरीवर. गंज आणि काळा रंग, दोन्ही 128च्या खाली. संगणकाने दोन्हींना काळे म्हटले. व च्या पोटात गंज साचला होता, म्हणून पोट भरले. पुढचे सगळे गणित बिनचूक होते, पण ते त्या चुकीच्या निर्णयावर उभे होते.

दुसरी चूक गणिताची नव्हे, लिपीची. अक्षरे पत्र्यातून कापून सुटी काढायची असतील, तर देवनागरीला एक वरदान आहे : शिरोरेषा. इंग्रजी शब्दाची अक्षरे कापताच सुटी होतात. आपला शब्द शिरोरेषेला धरून एकसंध राहतो. सुटतो तो अनुस्वार. याउलट पत्रा ठेवून अक्षरांची भोके पाडली, तर व चे पोट गळून पडते, आणि वेलांटी शिरोरेषेला टेकलेली असली तर तिच्या आतला भागही. पत्र्याचे काय उरेल, हे ओळखायची एक युक्ती विद्यार्थ्यांना द्यावी : आकृतीच्या बाहेरून एखाद्या बिंदूपर्यंत सरळ या आणि वाटेत किती कडा ओलांडल्या ते मोजा. विषम संख्या आली तर बिंदू अक्षरात आहे, सम आली तर अक्षराबाहेर.

तिसरी गोष्ट कापाच्या रुंदीची. झोताला जाडी असते. काप दीड मिलिमीटर रुंद असेल आणि टॉर्च बरोबर कडेवरून नेला, तर दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण मिलिमीटर जाऊन 6 मिलिमीटरची रेघ साडेचार उरते. म्हणून बाहेरच्या कडेला टॉर्च अर्ध्या कापाइतका बाहेर आणि पोटाच्या कडेला तितकाच आत न्यावा लागतो. शिवाय पोटे आधी कापायची, बाहेरची कड शेवटी. आधीच सुटलेले अक्षर हलले, तर पुढचा काप वाकडा जातो.

दुसऱ्या खेपेस आम्ही सरांनाच बोलावले. फोटो मोठा करून कागदावर छापला होता. त्यावर त्यांनी पेन्सिलीने कडा फिरवल्या, कुठला डाग आणि कुठली रेघ ते सांगितले. अनुस्वार पडू नये म्हणून तो शिरोरेषेला बारीक दांडीने जोडावा, असे आम्ही सुचवले. सर म्हणाले, “दांडी दिलीत तर पोरं त्याला मात्रा समजतील. ठिपका वेगळा कापा आणि मागच्या पत्र्यावर वेल्ड करा.” तसेच केले. पाटी आता फाटकावर आहे. व चे पोट मोकळे आहे आणि अनुस्वार जागेवर आहे.

हा प्रयोग वर्गात करायला प्लाझ्मा लागत नाही, आलेख कागद पुरतो. एका विद्यार्थ्याने ‘व’ काढून त्यातले चौकोन काळे करावेत, दोन्ही कडांच्या आठ दिशांच्या माळा लिहाव्यात आणि सुरुवातीचे चौकोन सांगावेत. फक्त आकडे दुसऱ्याला द्यावेत. ज्याने अक्षर पाहिलेले नाही, त्याच्या कागदावर ते उमटते का ते पाहावे. पोटाची माळ द्यायला पहिला विसरला, तर दुसऱ्याचा ‘व’ आमच्या पहिल्या पाटीसारखाच येईल. मग त्या दोघांना वणीच्या ताम्रपटाची गोष्ट सांगावी आणि विचारावे : तुमच्यापैकी लिहिणारा कोण आणि कोरणारा कोण?