‘मा’ या कुलनामाची दोन मुळे

चिनी भाषेत ‘मा’ म्हणजे घोडा. त्यावरून हे अश्वपालांचे कुलनाम असावे, असा तर्क कोणीही करील; तो खोटा आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात चाओ राज्याचा सेनापती चाओ शे याने चिन सैन्यास पराभूत केले आणि ‘माफूचा अधिपती’ ही पदवी मिळविली. वंशजांनी तीच कुलनाम म्हणून धारण केली. पुढे ‘फू’ गळाले. आमच्या देशमुख-कुलकर्ण्यांस यात नवल वाटू नये. परंतु चिनी मुसलमानांतील कित्येक ‘मा’ घराणी निराळी. मुहम्मद या नावाचे चिनी रूप ‘मा’ने आरंभ होई, म्हणून त्यांनी हे नाव पत्करले. तेव्हा नुसत्या आडनावावरून रक्तसंबंध जुळविणारे वंशावळीकार आम्हांस मान्य नाहीत. युन्नानमधील मुसलमान घराण्यात जन्मलेला प्रसिद्ध नौसेनापती चंग ह मूळचा ‘मा’च, ‘चंग’ हे नाव त्यास बादशहाने १४०४ मध्ये दिले. कालिकतचे वर्णन लिहिणारा त्याचा दुभाषी मा ह्वान मात्र अखेरपर्यंत ‘मा’च राहिला.