पदवीचे माप : रमण्यापासून श्रेयांकापर्यंत

कसबा पेठ ही पुण्याची मूळ वस्ती होय. ग्रामदैवत कसबा गणपती येथे आहे, लाल महाल येथे होता आणि शनिवारवाडा या पेठेच्या सीमेलगत उभा राहिला. या पेठेतील विद्यार्थी विद्येची परीक्षा देण्यास कोठे जात असे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या उत्तरात पुण्यातील उच्च शिक्षणाच्या अडीचशे-तीनशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. पेशवाईत तो पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात गेला. कंपनी सरकारच्या अमदानीत विश्रामबाग वाड्यात गेला. पुढे येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात आणि १९४९ नंतर गणेशखिंडीत गेला. स्थळ पालटले तसे विद्या मोजण्याचे मापही पालटले. या मापांचा विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमावर कोणता परिणाम झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले माप दक्षिणेचे. श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा मूळ तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले व ही प्रथा पुण्यास आली. सामान्य याचकास अल्प रक्कम मिळे. अधिक रकमेसाठी मात्र शास्त्री मंडळींपुढे वेद, न्याय, व्याकरण इत्यादी विषयांत परीक्षा द्यावी लागे. येथे अभ्यासाच्या कालावधीचा हिशेब नव्हता. मनुष्याने एका शास्त्रात किती खोल प्रवेश केला आहे, एवढेच पाहिले जाई. एल्फिन्स्टनने ही दक्षिणा अजिबात बंद केली नाही. तिची मर्यादा वार्षिक पन्नास हजार रुपये ठरविली. तिच्याच निधीतून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकहितवादी व त्यांच्या समविचारी तरुणांच्या खटपटीमुळे या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला.

दुसरे माप परीक्षेचे व टर्मचे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रथम केवळ परीक्षा घेणारे होते. १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. झाले. रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे ते चौघे. महाविद्यालयात टर्म भराव्यात, नेमलेल्या विषयांत बसावे आणि प्रत्येकात उत्तीर्ण व्हावे, असा हा क्रम होता. एका विषयात उणे पडले तर ती परीक्षाच पुन्हा द्यावी लागे. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीरसंपदा कमाविण्यात घालविले आणि त्या वर्षाच्या परीक्षेत ते मागे राहिले, हे सर्वश्रुत आहे. ज्याच्या घरची स्थिती बेताची, त्याला मात्र असे वर्ष गमावणे परवडण्याजोगे नव्हते. मध्येच शिक्षण सुटले तर भरलेल्या टर्मची किंमत शून्य होई.

या मापाचा अधिक दूरगामी परिणाम मराठीवर झाला. आरंभीच्या काही वर्षांनंतर विद्यापीठाने देशी भाषांना वरच्या परीक्षांतून वगळले आणि त्यांच्या जागी संस्कृतादी अभिजात भाषांना स्थान दिले. जो विषय परीक्षेत धरला जात नाही तो बुद्धिमान विद्यार्थी सहसा वाचीत नाही. हे ओळखूनच न्या. रानडे यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात मराठीच्या पुनःप्रवेशासाठी विद्यापीठात झुंज दिली. १९०१ साली त्यांच्या निधनाच्या सुमारास एम. ए.ला देशी भाषांना स्थान मिळाले. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले, तेथे तर मातृभाषा हेच शिक्षणाचे माध्यम झाले.

तिसरे माप तासांचे, म्हणजे श्रेयांकाचे. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कार्नेगी प्रतिष्ठानने प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देताना कोणती संस्था खरोखर महाविद्यालय म्हणावी हे ठरविण्यासाठी अध्यापनाचे तास मोजण्याचे प्रमाण रूढ केले. विद्वत्ता मोजावी हा त्या योजनेचा हेतू नव्हता, हे विसरता कामा नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्याप्रमाणे पंधरा तासांच्या व्याख्यानांस एक श्रेयांक मिळतो. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. त्या १२० पैकी किमान ६० मुख्य विषयाचे व २४ गौण विषयाचे असावे लागतात. उरलेले भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण इत्यादींत विभागले जातात. २०२१च्या विनियमांनी श्रेयांकांची पेढीही निर्माण केली. त्यामुळे मध्येच शिक्षण सोडलेल्यास मिळविलेले श्रेयांक ठेव म्हणून राखता येतात. टर्मच्या पद्धतीत जो विद्यार्थी रिक्त हस्ते परतला असता, त्याच्या दृष्टीने हा लाभ थोडा नव्हे.

तथापि जुना धडा येथेही लागू पडतो. बेरीज पुरी झाली म्हणजे पदवी पुरी होते. विद्या पुरी होतेच असे नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लक्षावधी कागद आहेत आणि त्यांतील बहुतेक मोडीत आहेत. कौशल्याचे श्रेयांक सोपे व सोयीच्या वेळेचे विषय घेऊन भरणारा विद्यार्थी नियमाने निर्दोष ठरेल. परंतु संशोधनाच्या उंबरठ्यावर त्याला आपल्याच पेठेचा कागद वाचता येणार नाही. मोडीसाठी पहिल्या वर्षी जागा राखली, तर पुढील प्रबंधाचे श्रेयांक मूळ साधनांवर उभे राहतील. यास्तव विद्यार्थ्याने आपली योजना शेवटाकडून आरंभाकडे आखावी: प्रथम प्रबंधाचा विषय, मग त्यास लागणारी भाषा व लिपी, आणि त्यानंतर तासांची बेरीज.

विभागांवरही यात जबाबदारी येते. रानड्यांच्या काळी मराठी मापाबाहेर पडली, तेव्हा तिचे नुकसान कोणी हेतुपुरस्सर केले असे नव्हे. ती फक्त मोजली गेली नाही. आज आपण काय मोजावयाचे सोडीत आहो, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासमंडळाने श्रेयांकांचा तक्ता करताना स्वतःस विचारला पाहिजे.