बसचा काळा धूर आणि रस्त्यावरची तपासणी

कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ हा पाथरी, मानवत, परभणी असा जिल्हा ओलांडून वसमतमार्गे नांदेडकडे जातो. या रस्त्यावरून राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या धावतात, पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या धावतात आणि लग्नसराईत भाड्याने घेतलेल्या बसगाड्याही धावतात. मालक वेगवेगळे असले तरी धुराविषयीचा कायदा सर्वांना एकच आहे. महामंडळाची परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी ही आगारे त्यातून वगळलेली नाहीत. ‘लाल गाडीला कोण अडवणार’ हा समज जुना आहे, पण कायद्यात त्याला आधार नाही.

मूळ तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष उलटल्यानंतर प्रत्येक वाहनात प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘पीयूसी’, बाळगणे नियम ११५ नुसार बंधनकारक आहे. भारत स्टेज-४ आणि भारत स्टेज-६ मानकांच्या वाहनांसाठी त्याची मुदत एक वर्षाची, तर त्याहून जुन्या वाहनांसाठी सहा महिन्यांची असते. डिझेल बसची चाचणी वायूंच्या प्रमाणावर होत नाही, तर धुराच्या दाटपणावर होते. इंजिन गरम करून, गाडी उभी असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात आणि सायलेन्सरच्या तोंडातून धूर यंत्रात घेतात. ही क्रिया अनेकदा करून सरासरी काढली जाते. भारत स्टेज-४ पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी ६५ हार्ट्रिज एकक आणि स्टेज-४ च्या वाहनांसाठी ५० हार्ट्रिज एकक ही मर्यादा आहे.

मग प्रमाणपत्र असूनही बस काळा धूर का सोडते? कारण चाचणी उभ्या आणि रिकाम्या गाडीची होते; रस्त्यावर मात्र गाडी भरलेली असते. परभणीची काळी जमीन उन्हाळ्यात बारीक धूळ उडवते. ती एअर फिल्टरमध्ये बसते, इंजिनाला हवा कमी पडते आणि डिझेल पुरते जळत नाही. त्यातच नोझल झिजलेले असेल किंवा पंपाची मापणी बिघडलेली असेल, तर जिंतूरकडच्या डोंगराळ चढावर गाडीमागे काळा पडदाच उभा राहतो. धुराचा रंग हा मेकॅनिकच्या दृष्टीने रोगनिदानच असते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळत आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता. पहिला दोष बहुधा एका फिल्टरच्या खर्चात सुटतो, दुसऱ्यासाठी इंजिन खोलावे लागते. दुरुस्ती कोणती पुढे ढकलली जाते, हे सांगायला नको.

रस्त्यावरील तपासणीचा खरा अधिकार नियम ११६ मध्ये आहे आणि तो पुरेसा परिचित नाही. पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक यांच्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी, वाहनाच्या धुरामुळे प्रदूषण होण्याची शक्यता आहे असे मानण्यास कारण असल्यास, चालकाला अधिकृत केंद्रावर चाचणी करून घेण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. वाहनात मुदतीतील पीयूसी असले तरी हा अधिकार कायम राहतो. सात दिवसांत प्रमाणपत्र सादर झाले नाही, तर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवले जाते. तो कारणे नोंदवून वाहनाची नोंदणी निलंबित करू शकतो, आणि नोंदणी निलंबित झाली की परवानाही निलंबित मानला जातो. बसमालकाला दंडापेक्षा हीच शिक्षा जास्त झोंबणारी आहे. उभ्या बसचे हप्ते थांबत नाहीत.

प्रत्यक्षात परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाला कागद नसणे सिद्ध करणे सोपे आणि धूर सिद्ध करणे अवघड जाते. प्रमाणपत्राची मुदत ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर क्षणात दिसते. धुरासाठी मात्र यंत्र, वेळ आणि प्रवाशांनी भरलेली गाडी थांबवण्याची तयारी लागते. त्यामुळे कारवाईचा भर कागदावर राहतो.

सायलेन्सर हा केवळ धुराचा प्रश्न नाही. नियम ११२ नुसार धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही. तो मागे किंवा उजवीकडेच गेला पाहिजे. आपल्याकडे प्रवासी डावीकडून चढतात, हे लक्षात घेतले की नियमाचा हेतू कळतो. नियम ११३ प्रमाणे सायलेन्सरची नळी आणि इंधनाची नळी यांच्यात किमान ३५ मिलिमीटर अंतर हवे. नियम ११४ प्रवासी वाहनांसाठी आणखी पुढे जातो: नळी अशी बसवलेली किंवा झाकलेली असावी, की तिच्या सान्निध्याने वाहनातील ज्वलनशील वस्तू पेटणार नाही. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. ती आग सायलेन्सरमुळे लागलेली नव्हती. तथापि बंद काचांच्या बसमध्ये आग लागली तर बाहेर पडायला किती कमी वेळ मिळतो, हे त्या रात्री दिसले. फुटलेल्या सायलेन्सरला तारेने बांधून रात्रभर धावणाऱ्या गाडीकडे त्या दृष्टीने पाहिले पाहिजे. सायलेन्सर फुटल्यास आवाजाच्या मर्यादेचा भंग होतो तो वेगळाच.

शिक्षेची तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) मध्ये आहे. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला एक हजार रुपये आणि पुढच्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने चालक परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा ठरली. देशात ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली. महाराष्ट्राने तडजोड शुल्काचे सुधारित दर मात्र डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले.

कलमाची भाषा वाहन चालवणारा आणि चालवू देणारा अशा दोघांनाही धरते. पण अपात्रता परवान्याची आहे, आणि परवाना चालकाकडे असतो. नोझल बदलायचे की नाही हे ज्याच्या हातात नाही, त्याची तीन महिन्यांची रोजी जाऊ शकते. ज्याच्या हातात आहे तो पावती फाडून मोकळा होतो. आगाराच्या चालकाला निदान गाडी जमा करताना दोष लेखी नोंदवता येतो. खासगी गाडीवरच्या चालकाजवळ सहसा तोंडी सांगण्याव्यतिरिक्त काही नसते. त्याने तारखेसह लिहून दिलेल्या तक्रारीची प्रत किंवा मालकाला पाठवलेला संदेश जपून ठेवला, तर ‘चालवू देणारा’ कोण हे दाखवण्यास तो उपयोगी पडू शकतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे नव्या बसमध्ये काजळी अडवणारी गाळणी आणि युरियाचे द्रावण वापरणारी यंत्रणा आली. द्रावण संपले की इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. ही यंत्रणा काढून टाकणे किंवा सेन्सरला फसवणे म्हणजे वाहनात बेकायदा फेरफार. त्यासाठी कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दुसरीकडे, १५ वर्षांहून जुन्या सरकारी व परिवहन महामंडळांच्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. खासगी बसना ही सरसकट अट नाही; आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ‘पासिंग’, मिळाले की त्या धावू शकतात.