जर-तरची एक ओळ

१९५७-५८ साली एम.आय.टी. या अमेरिकन संस्थेत जॉन मॅकार्थी बुद्धिबळाच्या वैध चाली आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेत मांडीत होते. त्या भाषेतील ‘जर’ मोठे अवघड. ते केवळ वाट दाखवी, मूल्य देत नसे. म्हणून त्यांनी अट पाहून दोहोंपैकी एक मूल्य देणारे फलन रचले. आज्ञावली आटोपशीर झाल्या खऱ्या. परंतु निवडीपूर्वीच यंत्र दोन्ही मूल्ये काढून बसे. जेवणारा एक आणि पाने दोन! शिवाय स्वतःलाच पुन्हा बोलावणारी व्याख्या अशाने कधी थांबलीच नसती. तेव्हा मॅकार्थींनी ठरविले की, आधी अट तपासावी आणि लागेल तेवढेच मूल्य काढावे. लिस्प भाषेचा हा एक पायाच ठरला. अल्गोल ६० नेही ती रचना स्वीकारली. पुढे सी भाषेने ती प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम या दोन खुणांत बसविली.