वह्या वाटणारे हात आणि वर्गणीची वही

जून लागला की आमचे फोन वाजू लागतात. "दादा, २६ जूनला शाहू जयंतीनिमित्त वह्या वाटायच्या आहेत, एखादी वस्ती सांगा." डिसेंबरात असेच फोन ब्लँकेटसाठी येतात. आम्ही वस्ती सांगतो, कारण वह्या लागतात आणि थंडीही वाजते. पण गेल्या वर्षी एका कार्यक्रमात जे पाहिले ते अजून डोक्यातून जात नाही. फलकावर देणगीदारांचे फोटो राजर्षींच्या फोटोपेक्षा मोठे होते. सहावीतल्या एका मुलीला वही घेण्यासाठी तीन वेळा उभे केले, कारण फोटोत देणाऱ्या साहेबांचे डोळे मिटलेले येत होते. तिची आजी आमच्याकडे वळून म्हणाली, "वही ऱ्हाऊ दे, पोरीचा फोटो तेवढा काढू नगा म्हणावं त्येंला."

त्या दिवसापासून आमच्या गटात वाद सुरू आहे. एका मित्राचे म्हणणे असे की, शाहू महाराजांनी आयुष्यभर दिलेच ना? मग देणाऱ्यांवर टीका करायचा आपल्याला काय अधिकार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात शोधले पाहिजे.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, पण ती आपण अर्धीच सांगतो. गंगाराम सरकारी पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराजांना हे कळले तेव्हा औषधपाण्याला पैसे देऊन, फार तर बदली करून विषय मिटवता आला असता. दयाळू राजाने तेवढेच केले असते. शाहूंनी गंगारामांना धंद्याला उभे केले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल निघाले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातले कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या लोकांनाही घ्यायला लावू लागले. भांडवल देणारे पुष्कळ भेटतात. आपण दिलेल्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाणारा आणि समोरच्याला 'मालक' होऊ देणारा मात्र क्वचितच भेटतो.

आता उरलेली अर्धी गोष्ट. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यांचे पहिले स्मारक कोणी उभारले? दरबाराने नाही, सरदार-जहागीरदारांनीही नाही. १९२५ साली याच गंगाराम कांबळे यांनी आपल्या समाजबांधवांच्या मदतीने नर्सरी बागेत ते उभे केले. ज्यांना हौदाला हात लावायची बंदी होती त्यांनी राजाचे स्मारक बांधले. घेणारा माणूस काही वर्षांत देणारा झाला, याहून चांगला हिशेब कोणत्या दानाचा असू शकतो? वह्या वाटणाऱ्यांना आम्ही हाच एक प्रश्न विचारू इच्छितो. ज्याला तुम्ही दिले तो उद्या तुमच्या शेजारी बसून ठरवणाऱ्यांत असेल का, की पुढच्या जूनमध्येही रांगेतच?

वसतिगृहांकडेही याच नजरेने पाहावे लागते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यानंतर एकेका समाजाचे बोर्डिंग उभे राहत गेले. जागा आणि मदत दरबारची, पण चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजातल्या शिकल्यासवरल्या लोकांवर, असा महाराजांचा सर्वसाधारण रिवाज होता. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. (मिस क्लार्क म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. हेच गव्हर्नर पुढे लॉर्ड सिडनहॅम झाले आणि त्यांच्या नावाच्या कॉलेजात बाबासाहेब प्राध्यापक झाले. इतिहासही कुठे कुठे गाठी मारतो.) जातवार बोर्डिंगांनी जात पक्की केली, हा आक्षेप आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात ऐकला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. पण आक्षेप घेणाऱ्याने एकदा आडनाव न लपवता याच शहरात भाड्याची खोली शोधून पाहावी. २०२० नंतरही "तुम्ही कुठले? नाही, म्हणजे तुमच्यात काय काय खातात?" असे विचारले जाते. १९०८ साली काय होत असेल?

या वसतिगृहाच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितले. तो म्हणाला, करणार नाही. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा मुलगा म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत. १९२७ साली त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले गेले.

तिथल्या मुष्टिफंडाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ज्याला आपण आज 'फंडरेझिंग' म्हणतो त्याचे आपल्या मातीतले रूप तेच आहे. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ वेगळी काढून ठेवायची आणि बोर्डिंगची मुले येऊन ती गोळा करून नेणार. एका मुठीने कोणाचे पोट रिकामे राहत नाही आणि कोणाचे नाव फलकावर लागत नाही. कुणब्याच्या घरची मूठ आणि महाराच्या घरची मूठ एकाच पोत्यात पडते. मूठ देणाऱ्या बाईला वाटते, हे बोर्डिंग माझेही आहे, आणि उद्या ती तिथे येऊन पोरांना आमटी पातळ का, असे विचारू शकते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. संस्थांच्या इतिहासात पुतळे पुरुषांचे होतात आणि सोने बायकांचे जाते, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

बाबासाहेबांना शाहूंनी दिलेल्या मदतीचेही तसेच. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या काळी ही रक्कम मोठीच होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. महाराजांनी तिथे येऊन लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. देणारा स्वतःहून बाजूला होतो आणि पुढारीपण ज्यांचे दुःख आहे त्यांच्या हाती जाते, हे दृश्य आपण आपल्या पोरांना नीट समजावून सांगितले पाहिजे. परिषदेने महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करण्याचा ठराव केला. म्हणजे शाहू जयंती हा आपल्याच ठरावाचा सण आहे. तिथे आपल्याला रांगेत उभे करणाऱ्यांना हे माहीत नसेल, आपल्याला तरी असावे.

आता बाबासाहेबांकडे. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने सोलापुरात वसतिगृह चालवले, वाचनालयासारखी कामे हाती घेतली. मात्र १४ नोव्हेंबर १९३२ रोजी तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना जे पत्र लिहिले, त्यात सूर वेगळाच दिसतो. पुणे करारानंतर बिर्लांच्या अध्यक्षतेखाली निघालेल्या अस्पृश्यतानिवारण संघाला, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाला, ते बजावतात की निवडक मुलांना शिष्यवृत्त्या, शाळा, वाचनालये यांत शक्ती घालवू नका. विहीर, शाळा, चावडी आणि प्रवासाची साधने खुली करण्यासाठी गावोगाव मोहीम काढा, रोजगारात समान संधी मिळवून द्या, आणि या कामाला मनापासून वाहून घेतलेली माणसे नेमा. या पत्राची साधी पोचही आली नाही. पुढे 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात त्यांनी संघाच्या कामावर एक अख्खे प्रकरण लिहिले, आणि त्याला राजकीय दानधर्म म्हटले.

मग १९२४ सालची वसतिगृहे बरोबर आणि १९३२ सालची चूक, असे कसे? आमच्या मते उत्तर कारभारात आहे. हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. सवर्णांचा पैसा किंवा नाव बाबासाहेबांना वर्ज्य नव्हते. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब होते. हरिजन सेवक संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा मागितली तेव्हा सांगण्यात आले की हे स्पृश्यांचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा पैसा कसा खर्चायचा तेही तेच ठरवणार. प्रायश्चित्त त्यांचे आणि त्यासाठी लागणारा दीनवाणा माणूस आपला!

यावर आमचा तोच मित्र म्हणतो, पूर आला की माणसाने हक्काची वाट पाहत छपरावर बसायचे का? नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले, महामार्ग काही दिवस बंद राहिला, तेव्हा आम्हीही भाकऱ्या बांधल्या. राज्यभरातून आलेली मदत आम्ही हातांनी उतरवली आणि त्या माणसांबद्दल आजही कृतज्ञता आहे. पण शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही काय पाहिले तेही सांगतो. जुन्या साड्यांचा ढीग माणसाच्या उंचीचा झाला होता. त्या ढिगाच्या मागे, ओढ्याकाठच्या खोलगट भागात आपली वस्ती. पाणी जात पाहत नाही म्हणतात, पण कोणाचे घर खोलगटात असावे हे जातीनेच ठरवलेले असते. पंचनामे सुरू झाले तेव्हा गावठाणातल्या पक्क्या घरांची नोंद झाली. गायरानातल्या पडक्या घरांचा नमुना ८ चा उताराच नव्हता, म्हणजे कागदावर घर नाही, आणि घर नाही तर ते पडणार कसे? साडी वाटायला चाळीस स्वयंसेवक होते. तलाठ्यापुढे अर्ज घेऊन बसायला आम्ही तिघे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा साड्या पुन्हा आल्या.

इतरांना बोललो, आता आपल्या घरात पाहू. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या नर्सिंगच्या फीसाठी आम्ही वर्गणी काढली. दोन आठवड्यांत फी भरली, वर काही पैसे उरले. ते पुढच्या कार्यक्रमाच्या मांडवात गेले. कोणी खाल्ले नाहीत, पण हिशेबही कोणी लावला नाही. नंतर दुसऱ्या मुलीसाठी वस्तीत फिरलो तेव्हा धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका मावशींनी विचारले, "मागच्याचं काय झालं?" आम्ही गप्प. त्यांनी तरीही पन्नास रुपये दिले, याची लाज जास्त वाटली. जयंतीला डॉल्बीसाठी एका दिवसात जमणारी वर्गणी आणि शिक्षणासाठी वर्षभरात जमणारी वर्गणी यांची तुलना आम्ही इथे करत नाही, ज्याने त्याने आपल्या मंडळाचे पावती पुस्तक उघडून पाहावे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले होते. विसावा भाग म्हणजे शंभरातले पाच रुपये. तो राजाकडे किंवा उद्योगपतीकडे मागितला नव्हता. गिरणीत, शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या माणसांकडे मागितला होता, कारण ती देऊ शकतात यावर त्यांचा विश्वास होता.

त्या मावशींच्या प्रश्नानंतर आमच्या विहारात एक वही ठेवली आहे. किती आले, कोणाला दिले, किती उरले, हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्याने वाचून दाखवतो. सुरुवातीला ऐकायला सातजण होते. वही लिहायचे काम आता वस्तीतल्या दोन मुली करतात. 'एक वही, एक पेन'चे साहित्यही तिथेच जमा होते आणि शाळेच्या पहिल्या दिवशी ज्याचे त्याने कपाटातून घ्यायचे, फोटो नाही. स्वयंसेवक म्हणून यायचे असेल तर रविवारी सकाळी दहाला या. येताना स्कॅन करता येईल असा मोबाइल आणि दोन तास वेळ आणा. सध्या स्वाधार योजनेचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत, नऊ मुलांचे जातपडताळणीचे कागद अडले आहेत, आणि गायरानातल्या घरांची यादी अजून पुरी झालेली नाही. वह्या वाटणाऱ्या साहेबांनाही आम्ही यंदा हेच सांगितले. त्यातले एकजण आले आणि दीड तास फॉर्म भरत बसले. चहाचे पैसे त्यांनी द्यायचे म्हटले, तर मावशी म्हणाल्या, आज आमचा.