चूल गेली, बॅटरी आली : हिवाळी वादळे आणि घरातली साठवलेली वीज

आजचा विषय तसा ताजा वाटेल, पण त्याची मुळं शंभर वर्षं मागे जातात. कडाक्याच्या थंडीत, बर्फाच्या वादळात वीज गेली, तर घरातल्या बॅटरीवर किती भिस्त ठेवावी? हा प्रश्न आज अमेरिकेत लाखो घरांसमोर आहे. टेक्ससमध्ये स्थायिक झालेली आपली मराठी कुटुंबंही त्यात आली.

आपल्याकडे 'बॅकअप' म्हटलं की इन्व्हर्टर आठवतो. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत जिन्याखाली, नाहीतर गॅलरीत एक काळी बॅटरी बसली. महिन्यातून एकदा तिच्यात पाणी घालायचं आणि दोन पंखे, तीन ट्यूबलाइट चालवायच्या. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ही बॅटरी कागदावर १.८ युनिट वीज साठवते. त्यात आपलं भागत होतं, कारण आपण तिच्याकडे मागतच थोडं होतो. शिवाय भारनियमनाला बहुधा वेळापत्रक असायचं. बर्फाच्या वादळाला ते नसतं.

आता अमेरिकेत जाऊ. तिथे खेड्यापाड्यांत घरगुती बॅटरी आली ती वीजवाहिन्यांच्याही आधी. चार्ल्स केटरिंग या अभियंत्याचा 'डेल्को-लाइट' नावाचा संच १९१६ साली बाजारात आला. रॉकेलवर किंवा पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन, त्याला जोडलेलं जनित्र आणि शेजारी काचेच्या बरण्यांतल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या. दाब फक्त ३२ व्होल्ट. इंजिन काही तास चालवून बॅटरी भरायची आणि रात्री दिवे लावायचे. पुढे १९३० च्या दशकात मैदानी प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी याच कामासाठी छपरावर छोट्या पवनचक्क्याही बसवल्या.

बघा, या घरांतही हिवाळा भयंकर असायचा. हिमवादळात रस्ते आठवडाभर बंद पडायचे. पण बॅटरी संपली म्हणून तिथे कुणी गारठून मरत नव्हतं. का? ऊब बॅटरीतून येतच नव्हती. ती स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या किंवा कोळशाच्या शेगडीतून यायची. बॅटरी संपली तर अंधार व्हायचा, इतकंच.

१९३५ साली रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झालं, पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. सहकारी संस्थांमार्फत तारा शेतापर्यंत पोचल्या. मग बरण्या अडगळीत गेल्या, आणि ते योग्यही होतं. ग्रिडची वीज स्वस्त होती, मुबलक होती. पण हळूहळू आणखी एक गोष्ट घडली, तिची फारशी चर्चा झाली नाही. शेगडीही गेली. ऊब, पाणी, स्वयंपाक, सगळं एका तारेवर आलं.

त्याची किंमत १९९८ च्या जानेवारीत क्युबेकने मोजली. ५ ते १० जानेवारीदरम्यान कॅनडाच्या पूर्व भागात गोठणारा पाऊस पडत राहिला. तारांवर बर्फाचे जाड थर चढले आणि वजनाने पोलादी मनोरे कोसळले. क्युबेकमध्ये सुमारे १४ लाख ग्राहक अंधारात गेले, काहींची वीज महिन्याहून अधिक काळ आली नाही. तिथली बहुतेक घरं विजेवर उबदार राहणारी. ज्यांच्याकडे लाकडाची शेगडी शिल्लक होती, त्यांच्या घरी शेजारीपाजारी राहायला आले.

दुसरा धडा टेक्ससचा. फेब्रुवारी २०२१. डॅलसमध्ये पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला. नैसर्गिक वायूच्या विहिरी, नळ आणि वीज केंद्रांची उपकरणं गोठली. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची वारंवारिता इतकी घसरली की आणखी काही मिनिटं तशीच गेली असती, तर आख्खं ग्रिड कोलमडलं असतं. ते वाचवण्यासाठी वीज तोडण्यात आली, आणि ४५ लाखांहून अधिक घरं व आस्थापनं अंधारात गेली. गंमत म्हणावी की दैव, पण त्या तोडलेल्या विजेत वायू पुरवणारी काही केंद्रंही होती. वायू नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून वायू नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने नंतर २४६ मृत्यू नोंदवले. त्यांतले बहुतेक थंडीने झाले होते. काही माणसं उबेसाठी गाडीचं इंजिन किंवा जनरेटर बंदिस्त जागेत चालवून विषारी वायूने गेली. १९८९ आणि २०११ मध्येही थंडीत टेक्ससची वीज गेली होती, २०११ नंतर यंत्रणा थंडीसाठी सज्ज करण्याच्या शिफारशीही झाल्या होत्या. सक्तीचा कायदा मात्र २०२१ च्या मृत्यूंनंतर आला.

याच सुमारास घरगुती बॅटरी परतली होती. टेस्लाने २०१५ मध्ये भिंतीवर टांगायची लिथियम बॅटरी जाहीर केली. तिच्या पुढच्या आवृत्तीत १३.५ युनिट वीज मावते, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरच्या सातपटीहून जास्त. व्हरमाँट राज्यात तर २०१७ पासून वीज कंपनीच ग्राहकांना महिन्याच्या भाड्याने अशा बॅटऱ्या देऊ लागली.

पण आता हिशोब करू. विजेच्या तारेवर हवा तापवणारी, १० किलोवॉटची यंत्रणा घरात असेल, तर १३.५ युनिट दीड तासही पुरत नाहीत. उष्णता पंप कमी वीज खातो खरा, पण कडाक्याच्या थंडीत अनेक घरांत त्याच्या मदतीला हीच तापती तार सुरू होते. याउलट घर वायूच्या भट्टीवर असेल, तर वीज लागते फक्त पंख्याला आणि नियंत्रणाला. अर्ध्या किलोवॉटचा पंखा अखंड फिरला तरी बॅटरी दिवसभर पुरते. ३५० वॉटचं ऑक्सिजनचं यंत्र असेल, तर दीड दिवस. म्हणजे उष्णता निर्माण करायला सांगाल तर बॅटरी हरते, उष्णता घरभर फिरवायला सांगाल तर जिंकते. अर्थात वायूचा पुरवठा टिकला पाहिजे.

छपरावर सौर पॅनेल असले तरी त्यांवर बर्फ साचतो, दिवस लहान असतो. शून्याच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर तिला इजा होते, म्हणून ती आधी स्वतःला गरम करण्यात वीज खर्चते, नाहीतर चार्ज व्हायलाच नकार देते. त्यामुळे वादळाचा इशारा मिळताच ती पूर्ण भरून ठेवायची, हा पहिला नियम. दुसरा नियम, कोणत्या वस्तू तिच्यावर चालणार ते आधी ठरवायचं. वीज गेल्यावर थंडीत, अंधारात बसून ही यादी करता येत नाही.

मला या इतिहासातून एवढंच दिसतं. १९१६ चा शेतकरी छोट्या बॅटरीवर निर्धास्त होता, कारण त्याची ऊब दुसरीकडून येत होती. आज बॅटरी कितीतरी पटींनी सुधारली, पण ती अशा घरात परतली आहे जिथे दुसरं काहीच उरलेलं नाही. तेव्हा बॅटरी जरूर घ्या. पण ती एखाद-दुसऱ्या दिवसाची सोय आहे. पुढच्या दिवसांसाठी एक खोली तरी विजेविना उबदार राहील का, आणि नाही राहिली तर कुणाच्या घरी जायचं, हे वादळाआधी ठरवून ठेवा.