कोतवालावर कोतवाल कोण?

कंधार येथे राष्ट्रकूटकालीन क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष सापडले आहेत. क्षेत्रपाल म्हणजे स्थानाचा रक्षक देव. त्यास वेतन द्यावे लागत नाही, त्याची बदली होत नाही, आणि त्याजविरुद्ध फिर्याद करण्याचा प्रसंगही कोणावर येत नाही. परंतु नगराच्या रक्षणाचे काम देवाकडून मनुष्याकडे आले, तेव्हा राज्यकर्त्यांपुढे दोन प्रश्न उभे राहिले. नगराचे रक्षण कसे करावे, हा पहिला. आणि रक्षण करणारावर देखरेख कोणी करावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी फार लवकर शोधले. दुसऱ्याच्या उपेक्षेबद्दल मात्र पुण्यापासून कंधारापर्यंत अनेक पिढ्यांनी जबर किंमत मोजली. तीच कहाणी येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

नगररक्षणाची योजना म्हणून कौटिल्याचा ‘नागरक’ आजही थक्क करणारा आहे. नगराचे चार भाग. प्रत्येक भागावर स्थानिक. त्याच्या हाताखाली दहा, वीस वा चाळीस कुटुंबांमागे एक गोप. प्रत्येक घरातील माणसांची जात, गोत्र, नाव, व्यवसाय, इतकेच नव्हे तर आयव्यय देखील त्याने जाणावा. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूची वर्दी द्यावी. रात्री ठराविक वेळी वाद्य वाजले की रस्त्यावर फिरणे बंद. अडवू नये त्यास अडविणाऱ्या आणि स्त्रियांशी दुर्वर्तन करणाऱ्या पहारेकऱ्यांस दंडही सांगितला आहे. म्हणजे दुसरा प्रश्न त्या आचार्यास सुचला नव्हता असे नाही. पण त्याचे उत्तर राजाच्या दृष्टीपलीकडे गेले नाही. पुढे ‘आइने अकबरी’त कोतवालाची जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांतही घरांची नोंद, मोहल्ल्यांचे प्रमुख, हेर आणि बाजारभाव यांचीच व्यवस्था दिसते. कोतवालाचे कान सर्वत्र असावेत, हे ठरले. कोतवालाविषयीचे गाऱ्हाणे कोणी ऐकावे, हे ठरले नाही.

याचा परिणाम पुण्यास दिसला. मूळचा कनोजी ब्राह्मण आणि औरंगाबादेहून आलेला घाशीराम १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. रात्रीची तोफ झाल्यावर गल्लीत सापडणाऱ्यास चावडीवर नेण्याचा अधिकार, पेठांतील तंटे, परगावच्या माणसांची ये-जा, बाजार, हे सारे त्याच्या हाती आले. त्याच्या पाठीशी नाना फडणिसांचा विश्वास होता, आणि त्याच्या सत्तेचे मूळ व मर्यादा हा विश्वासच होता. १७९१ च्या ऑगस्टअखेर दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांनी त्याच्या बागेतील फळे तोडली. त्यांस पकडून कोंदट जागेत कोंडण्यात आले, आणि वीसहून अधिक जण गुदमरून मेले. तेव्हा शहर उसळले. नानांस त्यास लोकांच्या हवाली करणे भाग पडले, आणि जमावाने त्यास दगडांनी ठेचून मारले.

या प्रसंगाकडे लोक एका दुष्टाचा योग्य शेवट म्हणून पाहतात. परंतु तो एका व्यवस्थेच्या दारिद्र्याचा पुरावा होय. चौदा वर्षे ज्याच्याविरुद्ध दाद मागण्यास एकही दार उघडे नव्हते, त्याचा न्याय करण्यास शेवटी रस्त्यावरचे दगड उरले. तक्रारीस स्थान नसले की ती नाहीशी होत नाही, ती साचते.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १८५३ ते १८८३ पर्यंत तेथे दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी कारभाराची जी नवी घडी बसविली, तीत १८६५ ची जिल्हाबंदी हा महत्त्वाचा टप्पा होय. जिल्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस उभे राहिले. राजधानीची कोतवाली मात्र निराळीच राहिली. ही खरोखर दूरदृष्टीची आखणी होती. पण तिला दोन छिद्रे होती. एक म्हणजे मोठ्या जहागिरी व पायगा यांचे पोलीस आणि न्यायाधिकार स्वतंत्र असल्यामुळे एकाच संस्थानात कायद्याचे हात अनेक झाले. दुसरे म्हणजे अखेरचा धनी निजामच होता. लोकप्रतिनिधींपुढे जाब देण्याची सोय कोठेच नव्हती.

अशा स्थितीत माणूस चांगला लाभला की कारभार चांगला चाले. १९२० ते १९३४ पर्यंत राजधानीचे कोतवाल असलेले राजा बहादूर व्यंकटरामा रेड्डी हे याचे उदाहरण होत. मुसलमान राजसत्तेच्या राजधानीत एका हिंदू अधिकाऱ्याने हे पद चौदा वर्षे सांभाळावे आणि दोन्ही समाजांचा आदर मिळवावा, ही गोष्ट लहान नव्हे. घाशीरामाची कारकीर्दही जवळपास चौदाच वर्षांची. तितक्याच काळात एकाने शहराचा द्वेष संपादन केला, दुसऱ्याने आदर. पण शहराच्या नशिबी कोण यावे, हे दोन्ही ठिकाणी वरच्या मर्जीवरच अवलंबून होते. नशिबास योजना म्हणता येत नाही.

ते नशीब १९४७-४८ मध्ये पालटले. लातुरास वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसविली, आणि संस्थानच्या पोलिसांकडून रयतेस संरक्षण मिळेनासे झाले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. सैन्याच्या या मोहिमेस ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव मिळाले, आणि आमच्याकडील वृद्धांच्या कालगणनेत ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ व ‘नंतर’ असे दोन काळ झाले. ज्या प्रदेशास पोलिसांचे रक्षण मिळाले नाही, त्याच्या मुक्तीस पोलिसांचे नाव मिळावे, हा इतिहासाचा विचित्र विनोद होय.

परंतु कहाणी येथेच थांबविली तर ती अर्धी राहील. जुनी सत्ता कोसळली आणि नवी बसावयाची होती, त्या पोकळीत मुसलमान रहिवाशांवर सूडाचे भयंकर हत्याकांड गुदरले. भारत सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळलेले म्हणून नोंदविले, आणि मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला. कंधार नांदेड जिल्ह्यातच आहे. काही ठिकाणी गणवेशधारी लोकही या कृत्यांत सामील होते, असेही तिने लिहिले. हा अहवाल कित्येक दशके लोकांपासून दूर राहिला. आज एका घराने वाट पाहिली, उद्या शेजारच्या घराने. दोघांसही हवा होता तो एकच निःपक्षपाती शिपाई, आणि तोच नव्हता.

यापासून घ्यावयाचा बोध आपल्या प्रजासत्ताकास फार उशिरा पटला. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने सुधारणांची सविस्तर आखणी केली, आणि ती बहुतांशी कपाटातच राहिली. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांस आदेश दिले, ते असे: पोलिसांचे व्यापक धोरण ठरविण्यास राज्य सुरक्षा आयोग असावा, प्रमुख अधिकाऱ्यांस किमान दोन वर्षांची मुदत मिळावी, तपास व बंदोबस्त यांची कामे वेगळी करावीत, आणि पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे. महाराष्ट्राने त्यानुसार २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. कौटिल्याने अर्धवट सोडलेल्या दुसऱ्या प्रश्नास कायद्याच्या भाषेत असे उत्तर मिळावयास दोन सहस्रकांहून अधिक काळ लागला असे म्हणता येईल.

कायद्यात शब्द लिहिला म्हणजे तो रस्त्यावर उतरतोच असे नाही. तरीही कोणत्याही नगराच्या पोलिसांची दूरवरची योजना पारखावयाची झाल्यास शिपायांची संख्या, वाहने आणि यंत्रे यांआधी एकच गोष्ट विचारावी: ज्याच्यावर अन्याय झाला, तो सर्वांत दुबळा मनुष्य कोणत्या दारी जाईल, आणि ते दार उघडे आहे काय? पुण्यास ते नव्हते, म्हणून दगड उचलले गेले. मराठवाड्यात ते नव्हते, म्हणून आधी एका समाजाची आणि मग दुसऱ्याची घरे जळाली. कंधारच्या पाषाणाच्या क्षेत्रपालास हा प्रश्न कोणी विचारला नाही. मनुष्याच्या क्षेत्रपालास तो रोज विचारला पाहिजे.